बांधावरचं नाव

साळवे सरांनी विज्ञानाच्या तासाला विचारलं, "थंडीत लांबून येणारी बदकं आपल्याकडे कुठे बघायला मिळतील?" तर पोपट उभा राहून म्हणाला, "सर, कोंबडीवाल्याकडे." सगळा वर्ग हसला. सरसुद्धा हसले. ते हसणं ओसरत असताना माझ्या शेजारून सरस्वती हळूच म्हणाली, "आमच्या बांधात येतात."

सरस्वती आपणहून बोलली, हीच त्या दिवसाची मोठी बातमी. ती जासईच्या पुढच्या एका खाडीकाठच्या गावची. शाळेसाठी खांदा गावात मामाकडे राहायची आणि तिथून नवीन पनवेलला आमच्या शाळेत चालत यायची. दोन वर्षं आम्ही एका बाकावर बसत होतो, पण तिच्या घरात कोण कोण आहे, हेही मला धड माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं असं नाही. मी सगळ्यांना सगळं विचारते. आदल्या वर्षापर्यंत मीही गप्पच असायचे. मग नववीत वक्तृत्व स्पर्धेला उभी राहिले, शेवटपर्यंत बोलले आणि ढाल घेऊन घरी आले. तेव्हापासून आई म्हणते, "ह्या पोरीच्या तोंडाचं झाकणच हरवलंय."

"किती येतात?" सरांनी सरस्वतीला विचारलं.

"मोजली नाहीत, सर. पण सगळी उडाली की खाली सावली पडते."

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. सर बीडकडचे, आमच्याच भागातले. आमचे अण्णा आणि ते एका तालुक्याचे, म्हणून रविवारी कधीकधी चहाला यायचे. चहा पिताना त्यांचं एकच बोलणं असायचं: शाळेच्या भिंतीवर परदेशी कॅलेंडरातली हंसांची चित्रं कशाला, आपल्या खाडीत उतरणारे पक्षी आपल्या मुलांनी काढलेल्या फोटोत का नसावेत? कॅमेरा त्यांचा स्वतःचा होता. लांबचं टिपणारं भिंग पनवेलच्या एका स्टुडिओवाल्या मित्राचं होतं. तळी आणि बदकं तेवढी हवी होती.

"पुनवेनंतरच्या रविवारी चला," सरस्वती म्हणाली. "तेव्हा उधाण असतं. मी तशीही गावी जाणारच असते."

आम्ही सात जण निघालो. आईनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि कॅमेऱ्याबद्दल दहादा बजावलं, कारण तिला माहीत होतं की सर तो कुणाच्या तरी गळ्यात अडकवणार आणि ते 'कुणीतरी' मीच असणार. पनवेलहून उरणची एस.टी. धरली. सरस्वती खिडकीत, मी तिच्या शेजारी, आणि पुढच्या बाकावर उलटा बसून आमच्याकडे तोंड केलेला पोपट.

"तू दर पुनवेला, अवसेला गावी का पळतेस गं?" मी विचारलं. "उपास असतो?"

"उपास कसला. खांड जाईल म्हणून."

"खांड म्हणजे?"

"बांध फुटला की भगदाड पडतं ना, ती खांड. खाडीचं खारं पाणी शेतात घुसतं. एकदा घुसलं की दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भात धरत नाही." तिनं खिडकीच्या गजावर बोट फिरवलं. "खांड गेली की डबा वाजवतात. मग प्रत्येक घरातून एक गडी खांडीत उतरतो. खांद्याला खांदा लावून उभे राहतात, माणसांचीच भिंत. पाण्याचा जोर त्यांच्या अंगावर मोडतो, तोवर बाकीचे मागून चिखल टाकतात."

"आणि एखाद्या घरातून कुणी आलंच नाही तर?"

तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. मग सांगू लागली, तेही बाहेर बघतच. खांड बांधून झाली की बांधाचा कारभारी एकेका घराचं नाव घेतो. घर म्हणजे त्या घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाचं नाव. उतरलेल्या माणसानं 'हाय' म्हणायचं. जे घर लागोपाठ तीन वेळा चुकलं, त्याचं नाव पुन्हा कधी घेत नाहीत.

"मग काय होतं?"

"काही होत नाही. कुणी मारत नाही की भांडत नाही. फक्त गावात धरत नाहीत. बैठकीला बोलावत नाहीत. आपल्या दारात काही झालं तर लोक माणुसकीनं येतील, पण गाव म्हणून येणार नाहीत." ती माझ्याकडे वळली. "आमचं घर दोनदा चुकलंय, विशाखे. बाबा काविळीत गेले, त्या धक्क्यानं आजा एका अंगानं लुळा पडला. घरात मी आणि आय. आजा चाळीस वर्षं त्या बांधाचा कारभारी होता. तीच नावं तो घ्यायचा. आता रोज संध्याकाळी विचारतो, बांध बरा हाय ना? नाव गेलं तर तो नुसता मरणार नाही, लाजेनं मरेल."

"मग तुझी आई का नाही उतरत?"

"बाईमाणूस खांडीत चालत नाही. बांध गावदेवीचा. बाई उतरली तर देवी कोपते. बायकांनी चिखल आणून द्यायचा, वरच्या वर." तिनं ओठ मुडपला. "दुसऱ्या वेळी आय गेली होती तरीही. हिरामणकाका आता कारभारी आहेत, त्यांनी वरूनच परत पाठवली. घरी आली तर आजाच तिच्यावर ओरडला, तुना कोनी सांगितला व्हता जायाला?"

"म्हणजे आजोबांना नावही पाहिजे आणि तुम्ही उतरायचंही नाही? हे काय—"

गाडीतली माणसं माझ्याकडे वळून बघू लागली. सरस्वतीनं मला चिमटा काढला. "हळू. इथे ढाल मिळणार नाहीये."

"टेन्शन काय लेते सरू," पोपट म्हणाला, "खांड गेली तर आमी हाय ना!"

"तुला पोहता येतं?"

"नाय. बुडता येतं."

ती हसली. पण मग गाव येईपर्यंत ती खाडीच्या पाण्याकडेच बघत राहिली.

बांध मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मातीचा लांबच लांब वळणावळणाचा कणा, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढा. डाव्या हाताला खाडी; ओहोटी होती, म्हणून नुसता चिखल, पालथ्या घातलेल्या ताटासारखा चकाकणारा. उजव्या हाताला शेतं. भात केव्हाच कापून झालं होतं आणि त्याच ओलीवर वाल उभा होता, हिरवागार, फुलावर आलेला. शेतांच्या पलीकडे, सगळ्यात सखल भागात, तळं होतं. त्याच्या काठची जमीन तडकलेली, वर मिठाचा पांढरा पापुद्रा. पाऊल ठेवलं की पापड मोडावा तसा आवाज यायचा.

आणि तळ्यात बदकं. मला वाटलं होतं पाच-पन्नास असतील. पाणी दिसत नव्हतं, एवढी होती.

सरांनी आम्हाला तिवरांच्या आडोशाला पोटावर झोपवलं. कुणी बोलायचं नाही, कुणी उठायचं नाही. सर कुजबुजत सांगत होते: टोकदार शेपटीची ती तलवार बदकं, चमच्यासारख्या चोचीची ती थापट्या, लांब लाल पायांवर नाचतोय तो शेकाट्या. हिमालय ओलांडून येतात. कुणी वाटाड्या नसतो, नकाशा नसतो.

"आणि ती सोनेरी जोडी, सर?"

"चक्रवाक. पुस्तकात ब्राह्मणी बदक असंही नाव दिलंय."

पोपटानं मान वर केली. "मग सर, आपण लांबूनच बघायचं ना?"

सर एवढ्या जोरात हसले की चक्रवाकांची ती जोडी उडाली आणि पार दुसऱ्या काठाला जाऊन बसली. "पोपट्या, तुझ्यापायी फोटो गेला," सर डोळे पुसत म्हणाले. मग त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यात अडकवला. "घे. श्वास धरायचा, हलायचं नाही, मग दाबायचं. घाई करू नकोस. खरी वेळ अजून यायचीये. भरतीचं पाणी खाडीतला चिखल झाकेल, तेव्हा तिकडचे सगळे पक्षी बांधावरून उडत इकडे येतील, विसाव्याला. तो फोटो आपल्याला पाहिजे."

मी डोळा लावला. त्या गोल काचेतून एक बदक इतकं जवळ आलं की त्याच्या चोचीवरचा पाण्याचा थेंब मला दिसला. मला ओरडावंसं वाटलं. माझ्यासारख्या मुलीनं तेव्हा तोंड मिटून ठेवलं, ही गोष्ट मी आजही अभिमानानं सांगते.

सरस्वती आमच्यात नव्हती. ती सकाळपासून बांधाच्या पायथ्यानं येरझाऱ्या घालत होती, खाली वाकून, बघत. कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं बघत होती; बांध तिथूनच झिरपायला लागतो. आम्ही आभाळ बघत होतो आणि ती माती.

दुपारी भरती लागली. खाडी आवाज न करता भरू लागली. चिखलाचे तुकडे एकेक करून दिसेनासे झाले आणि सरांनी सांगितलं होतं तसंच घडू लागलं. आधी एक थवा, मग दुसरा, मग मोजायची सोयच राहिली नाही. बांधावरून, आमच्या डोक्यावरून, पंखांचा वारा अंगाला लागेल इतक्या खालून पक्षी येत होते. खाली खरंच सावली पडत होती. "दाब, विशाखा, दाब!" सर म्हणत होते. मी दाबत होते.

तेवढ्यात डबा वाजला.

बांधावर एका खांबाला पत्र्याचा जुना डबा टांगलेला होता आणि सरस्वती दगडानं त्याच्यावर घाव घालत होती. "खांडऽऽ! खांड गेलीऽऽ!" तिचा आवाज एवढा मोठा असू शकतो, हे मला माहीत नव्हतं. सगळे पक्षी एकदम उठले. आभाळ भरून गेलं, आणि आम्ही कुणीच वर बघितलं नाही.

धावत तिच्याजवळ पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. हा डबा तिनं स्वतः वाजवला होता. हीच ती तिसरी हाक होती.

बांधाच्या आतल्या बाजूनं आधी गढूळ पाण्याचा बुडबुडा निघत होता, मग धार लागली, मग वरची माती आपोआप खाली बसली आणि बघता बघता हातभर फट झाली. फटीतून खाडी आत येऊ लागली. पाणी रागावलेलं वगैरे दिसत नव्हतं. उघड्या दारातून पाहुणा यावा तसं ते सरळ वालाकडे चाललं होतं.

फट रुंदावत चांगली आठ-दहा हात झाली, तोवर गावातून माणसं धावत आली. पण किती थोडी! बहुतेक गडी खाडी बुजवायच्या भरावाच्या कामावर गेले होते, रविवारीसुद्धा. जे आले त्यात म्हातारेच जास्त. बायका घमेली घेऊन आल्या. त्यांतली एक उंच, कोरड्या चेहऱ्याची बाई सरस्वतीजवळ जाऊन उभी राहिली. ती तिची आई, यशोदाबाई.

"जाऊ द्या ना," एक जण धापा टाकत म्हणाला, "सरकारची नोटीस आयलीच हाय. उद्या जानारच हाय जमीन."

"उद्या जाईल तवा जाईल," धोतर खोचत एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस म्हणाला. तेच हिरामणकाका. "आज वाल उभा हाय. चला, उतरा!"

ते स्वतः आधी उतरले. मग बाकीचे. पाणी कमरेला, मग छातीला लागलं. खांडीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत माणसं हातात हात अडकवून उभी राहिली, पण भिंत पुरेना. एका टोकाला मोकळी जागा राहिली आणि सगळं पाणी तिथूनच जोर करू लागलं. मागून टाकलेला चिखल त्याच फटीतून वाहून जात होता.

सरांनी चपला काढल्या, विजार गुडघ्यावर गुंडाळली आणि खांडीच्या काठाशी जाऊन थांबले. "मी उतरलो तर चालेल का?" त्यांनी विचारलं.

अण्णा त्यांच्या लहानपणीच्या गावच्या विहिरीबद्दल सांगतात ना, तेव्हा त्यांचा आवाज असाच होतो. काठापासून लांब उभं राहायचं, विचारायचं, थांबायचं. सर एवढे शिकलेले, पण तो आवाज त्यांच्याही आत होता.

हिरामणकाकांनी वरसुद्धा बघितलं नाही. "मास्तर, पानी कोनाला इचारून आयलाय? उतर लवकर!"

सर उतरले. भिंत वाढली, तरी एका माणसाची जागा अजून उरलीच. हिरामणकाकांची नजर काठावर फिरली. यशोदाबाईंवर, मग सरस्वतीवर थांबली. ते जरा हळू आवाजात म्हणाले, पण सगळ्यांनी ऐकलं: "सरे, घोर करू नको. मास्तरला तुमच्या घरातून लावतो. गोटीरामदादाच्या घरचा मानूस उतरला, असा म्हनू. झाला ना?"

गोटीरामदादा म्हणजे तिचा आजा. खरं तर किती सोपं होतं! माझा जीव भांड्यात पडला. सरांनीही मान हलवली, हो, हो, लावा.

"नको, काका," सरस्वती म्हणाली. "मास्तर आमच्या घरचे नाय. घरची मी हाय."

"सरे, येडी का खुली? बाजूला व्हय!"

आता मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. मी पुढे झाले. "काका, असं कसं? मुलगी असली म्हणून काय झालं? उलट तिनंच तर—" माझा आवाज उत्तम लागला होता. पण पाण्याच्या आवाजात तो कुणाला ऐकूही गेला नाही, आणि ज्यांनी ऐकला त्यांनी तो डासासारखा झटकला. सरस्वतीनं माझ्याकडे एकदा बघितलं. "तू गप," एवढंच म्हणाली. तिनं ओढणी कमरेला आवळली आणि उडी नाही मारली, पायरी उतरावी तशी सावकाश खाली गेली.

पाणी तिच्या गळ्याशी आलं. एकदा ती तिरकी झाली, सरांनी दंड धरला. मग तिनं पाय रोवला आणि फट बंद झाली.

"गावदेवी आय कोपली ना, तर बघा," एक म्हातारा पुटपुटला.

"कोपल तर कोपल!" यशोदाबाई ओरडल्या. "चिखोल टाका!"

मी कॅमेरा तिवराच्या फांदीला अडकवला आणि घमेल्यांच्या रांगेत शिरले. पोपट माझ्या पुढे होता. तो एकही विनोद करत नव्हता. शेताकडच्या बाजूनं चिखल कापायचा, हातोहात पुढे द्यायचा, मध्ये पेंढा आणि तिवराच्या फांद्या, वर परत चिखल. हात भरून आले, तरी घमेलं येतच होतं. एकदा भिंतीतले सगळे जण एका हाताएवढे मागे रेटले गेले आणि सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघाला. सरस्वतीचं तोंड पाण्याखाली गेलं. परत वर आलं. तिनं थुंकून खारं पाणी टाकलं आणि जागा सोडली नाही.

मग पाणी थांबलं. एकदम नाही. आधी धार, मग पाझर, मग नुसता ओला चिखल. खाडी पलीकडे काठोकाठ भरलेली आणि इकडे वालाच्या पहिल्या दोन-चार सऱ्या पाण्यात. बाकीचा वाचला होता.

माणसं वर आली आणि अंग न धुता ओळीनं उभी राहिली. हिरामणकाकांनी तोंडावरून हात फिरवला आणि नावं घ्यायला सुरुवात केली. "बाजीराव." "हाय." "देवजी धर्मा." "हाय." "शिवा." "हाय." काही नावांना उत्तर आलं नाही; बाकी प्रत्येक नावाला एक चिखलानं माखलेला माणूस उत्तर देत होता. सरस्वती ओळीच्या मध्यावर होती, दात वाजत होते. यशोदाबाईंनी आपला पदर तिच्या खांद्यावर टाकला होता.

हिरामणकाका तिच्यापर्यंत आले आणि थांबले. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

"मना घेता येत नाय," ते शेवटी म्हणाले. "आनि सोडवतही नाय. नेम माजा नाय. ज्याचा हाय, त्यालाच इचारू."

म्हणून सगळे तसेच, चिखलासकट, गोटीरामआजोबांकडे गेलो.

पडवीत बाजेवर आजोबा पडले होते. तोंडाचा एक कोपरा खाली ओढलेला, एक हात छातीवर वाळक्या फांदीसारखा. दुसरा हात मात्र मोठा होता, चाळीस वर्षं चिखल उचललेला. इतकी ओली माणसं अंगणात बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. शब्द अर्धे तुटून यायचे, पण कळत होते.

"थांबला?"

"थांबला, दादा," हिरामणकाका पायरीशी बसले. "वाल वाचला."

"कोन कोन व्हता?"

हिरामणकाकांनी सगळं सांगितलं. गडी कमी होते ते, मास्तर उतरले ते. "मास्तरला तुज्या घरातून लावत व्हतो. पोरगी आयकली नाय. सोता उतरली."

आजोबांचे डोळे सरस्वतीकडे वळले. तिनं मान खाली घातली नाही, पण तिचा खालचा ओठ थरथरत होता. मी तिला ओळखते. ती थंडी नव्हती.

यशोदाबाई दाराला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मना वरडलात तसा हिना पन वरडा आता. येवढी मानसा हायेत आयकायला."

आजोबांनी सुनेकडे बघितलं नाही. बराच वेळ ते सरस्वतीच्या पायांकडे बघत राहिले.

"पानी कवर व्हता?"

सरस्वतीनं हात गळ्याशी लावला.

"पाय?"

"रुतवला व्हता."

"हलला?"

"नाय."

कारभारी गड्याला विचारतो तसे प्रश्न. नातीला विचारल्यासारखे नव्हतेच.

"दादा, सांग," हिरामणकाका म्हणाले. "तुजा नाव घेऊ का नको?"

"नको," आजोबा म्हणाले.

सरस्वतीनं डोळे मिटले. माझ्या घशापर्यंत अख्खं भाषण आलं होतं, मुद्द्यांसह. पण या वेळी मी ते गिळलं. तिथे बोलायचा हक्क माझा नव्हता. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

आजोबा श्वास घेत होते. पुढचा शब्द त्यांना लांबून ओढून आणावा लागत होता. "मी... कवा उतरलू? मी तं हतं बाजेवर पडलू हाय." चांगला हात बाजेवरून उचलला गेला आणि बोट नातीकडे झालं. "उतरल त्याचा नाव. तिचा घे."

"मंग तुजा, दादा?"

"माजा झाला."

हिरामणकाका उठले. त्यांनी डोळे पुसले की तोंडावरचा चिखल, ते मला कळलं नाही. मोजणी अर्ध्यावर तुटली की पहिल्यापासून घ्यायची असते, म्हणून ते अंगणाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि परत सुरू केली. "बाजीराव." "हाय." "देवजी धर्मा." "हाय." सर आणि आम्ही मुलं बाजूला, पडवीलगतच्या कुंपणाशी उभे होतो.

"सरस्वती," हिरामणकाका म्हणाले.

बांधावर डबा वाजवणारी, हिरामणकाकांना नको म्हणणारी सरस्वती तिथे गप्प झाली. तिनं बाजेकडे बघितलं. आजोबांनी मान भिंतीकडे फिरवून घेतली होती. उत्तर तिचं तिलाच द्यायचं होतं.

"हाय," ती म्हणाली.

हिरामणकाका पुढच्या घराकडे वळले. मी पडवीच्या त्या भिंतीकडच्या टोकाला होते, म्हणून मला आजोबांचं तोंड दिसत होतं. अंगणात नावं चालली होती आणि इकडे त्यांचे ओठ हलत होते, आवाज न करता. सगळी घरं त्यांना पाठ होती, क्रमासकट. फक्त बाहेर नातीचं नाव घेतलं गेलं तेव्हा त्यांच्या ओठांवर, इतक्या वर्षांच्या सवयीनं, स्वतःचंच नाव आलं होतं. तिथे ते थांबले. बाहेरची मोजणी पुढे निघून गेली. मग दोन-तीन घरं सोडून त्यांनी ती पुन्हा पकडली आणि शेवटच्या घरापर्यंत हिरामणकाकांबरोबर गेले.